सासूबाईंची कार्ट त्यांना परत द्या

एका वाचक भगिनीचे पत्र :

"मी ठाण्यात राहते आणि नोकरी करते. माझे सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत आणि कराडच्या घरी एकट्याच राहतात, कारण ठाण्यात त्यांना करमत नाही. त्यांची बाजाराची दगदग वाचावी म्हणून मी माझे ऑनलाइन खरेदीचे खाते त्यांच्याही मोबाइलवर सुरू करून दिले. त्यांनी हवे ते कार्टमध्ये टाकायचे आणि मी दर रविवारी एकत्र ऑर्डर देऊन पैसे भरायचे, असे ठरले. त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, पण आईने पैसे द्यावेत हे माझ्या पतींना पटले नाही.

सहा महिने बरे चालले, मग घोटाळे सुरू झाले. पाच किलो तूरडाळ कराडऐवजी ठाण्याला आली. एकच डबा दोनदा आला. मिक्सरच्या ऑर्डरमध्ये जादा वॉरंटीचे ५४९ रुपये लागलेले दिसले, तेव्हा मी त्यांना जरा त्रासूनच विचारले. त्या म्हणाल्या, 'मी नाही गं काही टाकलं.' कार्ट फुगली की मला अनावश्यक वाटतील त्या वस्तू मी काढून टाकत असे. क्रोशाच्या दोऱ्याची सहा बंडले मी दोन वेळा काढली, कारण त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे आणि डोळ्यांना ताण नको, असे मला वाटले. गेले दोन महिने त्या कार्टमध्ये काहीच टाकत नाहीत. विचारले तर 'मला काही लागत नाही' म्हणतात.

मागच्या महिन्यात एका रात्री साडेअकराच्या सुमारास मी माझ्यासाठी काही पाहत होते, तेव्हा कार्टमध्ये मोठ्या माणसांच्या डायपरचे पाकीट दिसले. सकाळी ते नव्हते. मी ते काढलेले नाही. हे मी कोणालाही सांगितलेले नाही, घरात यांनाही नाही. मी काय करावे? आणि ही कार्ट अशी एकत्र ठेवावी का?"

उत्तर :

प्रिय भगिनी,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण पहिल्या प्रश्नाची वाट त्यातूनच निघते. ही सामाईक कार्ट बंद करावी. सासूबाईंना त्यांच्या स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर, त्यांच्या नावाचे आणि कराडच्या पत्त्याचे वेगळे खाते उघडून द्यावे आणि त्यात त्यांनी काय घेतले हे पाहण्याची सोय तुमच्याकडे ठेवू नये. दोन्ही घरांना मिळून लागणाऱ्या वस्तूंची एखादी यादी सामाईक ठेवता येईल. ती कशी, ते पुढे सांगते.

तुम्ही हे सारे आपुलकीने केले, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ७१ वर्षांच्या बाईंना उन्हातून मंडईत जावे लागू नये, वाण्याच्या पिशव्या उचलून आणाव्या लागू नयेत, असे सुनेला वाटणे ही त्या घराची मोठीच जमेची बाजू आहे. बिघडले ते एवढ्यामुळे, की कार्टकडे तुम्ही दोघी वेगवेगळ्या नजरेने पाहत होता. तुमच्या लेखी ती तुमच्या मंजुरीसाठी आलेली यादी होती आणि त्यांच्या लेखी ते त्यांचे सामान होते, जे अजून घरी पोहोचायचे होते.

आपल्या घरांमधून महिन्याच्या सुरुवातीला वाणसामानाची यादी होत असे, ती तुम्हाला आठवत असेल. पाठकोऱ्या कागदावर घरातली मोठी बाई सांगत असे आणि एखादे शाळकरी मूल लिहून घेत असे : साखर ५ किलो, शेंगदाणे २ किलो, हिंगाची डबी १. पैशांची ओढ असली तर त्या यादीवरही काट मारली जाई, पण ती चौघांच्या देखत, दोन शब्द बोलून. 'गूळ या महिन्यात अर्धाच आणू' असे कोणीतरी म्हणे आणि बाकीचे ऐकत किंवा वाद घालत. शिवाय काट मारलेला शब्द कागदावर वाचता येई, त्यामुळे काय मागितले होते आणि काय नाकारले गेले, हे दोन्ही राहत असे. कार्टमध्ये यातले काही उरत नाही. कार्ट माणसाची नसते, ती खात्याची असते. त्या खात्यात ज्या ज्या मोबाइलवरून प्रवेश केलेला असेल, त्या प्रत्येकावर तीच एक कार्ट दिसते आणि वस्तू कोणी टाकली, कोणी काढली, केव्हा काढली, हे ती सहसा सांगत नाही. तुम्ही ठाण्यात बसून जी वस्तू काढली, ती कराडमध्ये नुसती नाहीशी झाली.

क्रोशाच्या दोऱ्याचे काय झाले असेल, ते जरा त्यांच्या बाजूने पाहा. दुपारचे जेवण उरकून त्या चष्मा लावून बसल्या असतील. रंग निवडले असतील, बंडलाची लांबी वाचली असेल, सहा पुरतील का याचा हिशेब केला असेल. रविवार उलटला, सामान आले, पण त्यात दोरा नव्हता. नव्याने मोबाइल हाताळणाऱ्या माणसाला अशा वेळी पहिली शंका स्वतःचीच येते : आपल्याच हातून काही भलते दाबले गेले असेल. म्हणून त्यांनी तो पुन्हा टाकला. दुसऱ्यांदाही तो गेला, तेव्हा त्यांना कळले असणार. तिसऱ्यांदा त्यांनी तो टाकला नाही आणि त्यानंतर हळूहळू दुसरेही काही टाकेनाशा झाल्या. 'मला काही लागत नाही' या वाक्याचा अर्थ मला तरी असा दिसतो, की आपल्याला काय लागते हे दुसऱ्याने ठरवण्यापेक्षा काही न मागितलेले बरे.

मोतीबिंदूविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तुमचा निर्णय त्या भीतीपोटी झाला. जवळचे काम केल्याने, विणल्याने किंवा वाचल्याने डोळे खराब होत नाहीत. ऑपरेशननंतरचे पथ्याचे काही आठवडे सरले आणि डॉक्टरांनी वेगळे काही सांगितले नसेल, तर क्रोशा करायला हरकत नसते. जवळचा चष्मा नीट असावा आणि उजेड चांगला असावा, एवढेच. कदाचित ऑपरेशननंतर इतक्या दिवसांनी बारीक टाके पुन्हा स्वच्छ दिसू लागले, म्हणूनच त्यांना दोरा हवासा वाटला असेल.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून इतके खात्रीने लिहिते. माझी आई रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी एकटी राहत असे आणि तिच्यासाठी लागणारे सामान मी पुण्याहून मागवत असे. एकदा तिने कार्टमध्ये बॅटरी टाकली होती, म्हणजे हातातली विजेरी. घरात दोन विजेऱ्या आहेत हे मला माहीत होते, म्हणून मी ती काढून टाकली आणि तिला सांगायचेही राहून गेले. पुढे मे महिन्यात घरी गेले, तेव्हा रात्री ती मागीलदारी न्हाणीघराकडे भिंतीला हात लावत अंधारातून जाताना दिसली. त्या दोन्ही विजेऱ्यांची बटणे इतकी घट्ट होती, की संधिवाताने आखडलेल्या तिच्या अंगठ्याने ती दाबली जात नव्हती. तिला सरकत्या बटणाची विजेरी हवी होती आणि तिने नेमकी तीच शोधून काढली होती. 'मग बोलली का नाहीस?' असे मी विचारले, त्यावर ती म्हणाली, 'टाकली होती की मी.' तिच्या दृष्टीने कार्टमध्ये टाकणे हेच बोलणे होते. सासूबाईंचेही बोलणे तुमच्या कार्टमध्ये सहा महिने चालू होते आणि त्यातले काही तुम्ही पुसत होता, हे तुम्हाला दुखवण्यासाठी सांगत नाही. परंतु हे उमजल्याशिवाय वेगळ्या खात्याचा उपायही त्यांना 'आपल्याला बाजूला काढले' असा वाटेल.

आता पैशांचे. तुमच्या पत्रात हा मुद्दा एका वाक्यात आला आहे, पण माझ्या मते गाठ तिथे आहे. सासूबाईंना निवृत्तिवेतन मिळते. महिन्याचा तेल-मिठाचा आणि दोऱ्याचा खर्च त्या सुखाने करू शकतात. 'आई, तू कशाला पैसे देतेस?' हे तुमच्या पतींचे म्हणणे प्रेमाचेच आहे, पण त्याचा परिणाम असा झाला, की स्वतःचे पैसे बँकेत असताना त्यांना प्रत्येक वस्तू मुलाच्या आणि सुनेच्या खिशातून घ्यावी लागू लागली आणि दुसऱ्याच्या खिशातून घेताना माणूस प्रत्येक वस्तू दहा वेळा तोलतो. आयुष्यभर मुख्याध्यापकाचे घर ज्यांनी हिशेबाने चालवले, त्या बाईंना १८० रुपयांच्या दोऱ्यासाठी रविवारची वाट पाहावी लागते, हे तुमच्या पतींपुढे अशा शब्दांत मांडा. त्यांना ते पटेल असे वाटते, कारण त्यांच्या लक्षात ते आले नसणार.

त्यांच्या बँकेच्या खात्याला यूपीआय जोडता येत असेल, तर ते करून द्या आणि त्यांचा पिन त्यांनीच ठरवावा, तो तुम्हाला ठाऊक नसावा. तेही त्यांना नको असेल तर सामान आल्यावर रोख पैसे देण्याची सोय पुष्कळ वस्तूंना असते आणि दारात सामान घेऊन आलेल्या मुलाच्या हातावर नोटा मोजून ठेवण्यात त्यांना अधिक निश्चिंत वाटेल. तुमच्या पतींना आईचा काही खर्च उचलायचाच असेल, तर दर महिन्याला ठरावीक रक्कम त्यांच्या खात्यात जमा करावी आणि तिचे काय केले हे विचारू नये. आणखी एक सोय २०२४ च्या ऑगस्टपासून उपलब्ध झाली आहे : यूपीआय सर्कल. त्यात एका व्यक्तीच्या बँक खात्यातून दुसऱ्या विश्वासू व्यक्तीला पैसे भरता येतात. पूर्ण मुभा दिली तर एका वेळी ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांपर्यंतचे व्यवहार ती व्यक्ती स्वतःच करू शकते. अंशतः मुभा दिली तर प्रत्येक व्यवहाराला मूळ खातेदाराला आपला पिन टाकावा लागतो. ज्यांचे स्वतःचे उत्पन्न नाही अशा घरच्या माणसांसाठी ती चांगली आहे. तुमच्या सासूबाईंसाठी मी ती सुचवणार नाही, कारण तिच्यात प्रत्येक खर्च खातेदाराला दिसतो आणि आपल्याला तर तेच टाळायचे आहे.

डाळ ठाण्याला आली आणि डबा दोनदा आला, याला तुम्ही दोघीही फारशा जबाबदार नाही. एका खात्यात दोन पत्ते असले, की ऑर्डर देताना आधी निवडलेला पत्ता तसाच पुढे येतो. ४१५११० ऐवजी ४००६०१ राहून गेले तरी घाईत लक्षात येत नाही. दोघींनी एकच वस्तू टाकली तर कार्ट दोन वेगळ्या ओळी दाखवत नाही, ती त्याच ओळीत १ चे २ करते. कार्टमध्ये टाकल्याने किंमत बांधली जात नाही आणि वस्तू राखूनही ठेवली जात नाही; मंगळवारी टाकलेल्या वस्तूला रविवारी जो भाव असेल तो पडतो. एका आठवड्याची कार्ट साठवून एकदम ऑर्डर देण्याची तुमची पद्धत म्हणूनच गैरसोयीची होती. त्यांचे त्यांना वेगळे खाते झाले, की हे तिन्ही घोळ आपोआप संपतील.

वॉरंटीच्या ५४९ रुपयांवर मात्र थांबायला हवे. सासूबाई 'मी टाकलं नाही' म्हणाल्या, ते खरे असण्याचा पुरेपूर संभव आहे. ग्राहकाने न मागितलेली वस्तू, सेवा किंवा देणगी पैसे भरण्याच्या टप्प्यावर बिलात घुसवणे, हा प्रकार इतका चालतो, की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 'डार्क पॅटर्न', म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या युक्त्या, म्हणून जे १३ प्रकार सांगितले आहेत, त्यांत 'बास्केट स्नीकिंग' या नावाने त्याचा समावेश आहे. त्याआधीच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसारही आधीच खूण केलेल्या चौकटीवरून ग्राहकाची संमती गृहीत धरता येत नाही. तुमच्या बाबतीत नेमके काय झाले हे मी इथून सांगू शकत नाही. तशी चौकट असेल, किंवा दोघींपैकी कोणाचे बोट चुकून लागले असेल. त्या ऑर्डरचे बिल काढून विक्री करणाऱ्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात निवारण करावे, असे नियम सांगतो. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पैसे मिळोत वा न मिळोत, सासूबाईंना मात्र फोन करून सांगा, की 'आई, वॉरंटीबद्दल मी तुम्हाला उगाच बोलले.' हे वाक्य त्यांनी दोन महिने ऐकलेले नाही.

एकाच खात्याचा आणखी एक धोका तुमच्या पत्रात नाही, पण तो असणारच, म्हणून लिहिते. खाते तुमच्या क्रमांकावर असल्यामुळे ओटीपी तुम्हाला येतात. महाग वस्तू घेऊन सामान पोहोचवणारा मुलगा कराडला दारात उभा राहतो, ओटीपी मागतो, तो ठाण्याला तुमच्या मोबाइलवर आलेला असतो आणि तुम्ही तेव्हा लोकलमध्ये नाहीतर मीटिंगमध्ये असता. मग घाईघाईने फोन, आकडे सांगणे, पुन्हा विचारणे. यात गैरसोय आहेच, पण खरी भीती निराळी आहे : फोनवर आकडे विचारायचे आणि सांगायचे ही सवय घरातल्या ज्येष्ठ माणसाच्या अंगवळणी पडते आणि उद्या एखादा भामटा 'बँकेतून बोलतोय' म्हणून तेच आकडे मागतो, तेव्हा त्यांना त्यात वावगे वाटत नाही. त्यांच्या क्रमांकावर त्यांचे खाते असेल, तर त्यांना एकच सोपा नियम सांगता येईल. सामान हातात घेताना, समोर उभ्या असलेल्या माणसाला सामान पोहोचल्याचा ओटीपी सांगायचा. फोनवर कोणालाही, तुम्हाला किंवा त्यांच्या मुलालासुद्धा, कधीही सांगायचा नाही. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, हेही सांगा. आणि तरीही काही फसगत झालीच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन करायचा. तो आकडा मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या कॅलेंडरजवळ चिकटवून ठेवा.

आता त्या पाकिटाविषयी.

पहिली गोष्ट, निष्कर्ष काढू नका. ते त्यांच्यासाठीच होते असे धरून चालता येत नाही. शेजारच्या एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या बाईंसाठी त्यांनी पाहिले असेल. पण ते त्यांच्यासाठी असण्याची शक्यता अधिक आहे आणि तुम्हालाही तेच वाटते आहे, म्हणून त्या दृष्टीने लिहिते. कराडसारख्या गावात चाळीस वर्षे राहिलेल्या मुख्याध्यापकांच्या पत्नीने मेडिकलच्या दुकानात जाऊन हे पाकीट मागणे किती कठीण असेल, याची कल्पना करा. दुकानदार ओळखीचा, शेजारी उभा असलेला माणूस सासऱ्यांचा विद्यार्थी. ऑनलाइन खरेदीचा सर्वांत मोठा फायदा त्यांच्यासारख्या स्त्रीला हाच मिळायला हवा होता : बंद खोक्यातून, कोणाला न विचारता, न सांगता वस्तू दारात यावी. तो फायदा त्यांना तुमच्या या सामाईक कार्टमुळे घेता आला नाही, हे मला सर्वांत जास्त लागले. रात्री साडेअकराला, सून झोपली असेल असे समजून त्यांनी ते टाकून पाहिले आणि रविवारी ती हे पाहणार, हे आठवून सकाळ होण्याच्या आत काढून घेतले.

म्हणून कार्टचा उल्लेख करू नका. 'आई, मला ते पाकीट दिसलं' हे वाक्य कितीही मायेने म्हटले, तरी त्यांना आपण पकडलो गेलो असे वाटेल. परंतु गप्पही बसू नका, कारण हा त्रास वयाबरोबर यायचाच आणि तो सोसायचाच, असा बायकांचा समज असतो आणि तो चुकीचा आहे. लघवी न आवरण्यामागे लघवीच्या जागेचा जंतुसंसर्ग असू शकतो, मधुमेह असू शकतो, बद्धकोष्ठ असू शकते, रक्तदाबासाठी चालू असलेली लघवी वाढवणारी गोळी असू शकते. बाळंतपणांनंतर आणि पाळी गेल्यानंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेले असू शकतात किंवा अंग बाहेर येत असू शकते. यातल्या बहुतेकांवर उपाय आहेत. स्नायू आवळण्याचा साधा व्यायाम नीट शिकून रोज केला, तर साधारण तीन महिन्यांत पुष्कळ जणींना फरक पडतो. काळजीची बाब अशी, की या त्रासातल्या बायका पाणी पिणेच कमी करतात आणि त्याने लघवी दाट होऊन जळजळ, संसर्ग आणि बद्धकोष्ठ वाढते. शिवाय रात्री घाईने उठताना पडण्याची भीती असते.

तुमची सुरुवात प्रकृतीच्या रोजच्या चौकशीतून होऊ द्या. पुढच्या खेपेस कराडला जाल, तेव्हा दोघीच असताना, स्वयंपाकघरात भाजी निवडताना विचारा : 'आई, रात्री झोप लागते ना? किती वेळा उठावं लागतं?' हा प्रश्न सुनेने विचारावा असाच आहे. त्या बोलल्या, तर ऐका, आणि 'आपण दोघी मिळून डॉक्टरीण बाईंना दाखवून येऊ' असे म्हणा. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञ हे पाहतात आणि लघवीच्या साध्या तपासणीपासून सुरुवात होते. त्या बोलल्या नाहीत, तर त्या दिवशी तो विषय सोडा. वर्षातून एकदा करायच्या साखर-रक्तदाबाच्या तपासणीला त्यांना घेऊन जा आणि डॉक्टरांशी बोलायला त्यांना एकटीला आत जाऊ द्या. जळजळ, ताप किंवा लघवीतून रक्त जात असल्याचे कळले, तर मात्र वाट पाहू नये.

कदाचित पुढे कधी त्या स्वतःच विचारतील, 'तुला तेव्हा दिसलं होतं का गं?' त्या वेळी खोटे बोलू नका. 'दिसलं होतं आई, पण तुम्हाला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगाल असं वाटलं' एवढे पुरेसे आहे. तुमच्या पतींना ही गोष्ट तुम्ही सांगू नये असे मला वाटते. आईच्या शरीराची गोष्ट मुलाला सांगायची की नाही, हे आईने ठरवावे. आईला वेगळे खाते हवे आणि तिचे पैसे तिच्या हाती हवेत, एवढेच त्यांच्याशी बोला. तेवढ्याला दुसरे कारण द्यावे लागणार नाही.

खाते काढून देण्याचे काम फोनवरून करू नका, शेजारी बसून करा आणि मोबाइल त्यांच्याच हातात राहू द्या. अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट ही दोन्ही अ‍ॅप मराठीतून वापरता येतात, ती भाषा निवडून द्या. मोबाइलची अक्षरे मोठी करा. तुमच्या खात्यातून त्यांचा मोबाइल आधी बाहेर काढा, नाहीतर पुन्हा दोन्ही कार्टांची सरमिसळ होईल. पहिली ऑर्डर त्यांना पूर्णपणे स्वतः देऊ द्या, दहा मिनिटे लागली तरी मध्ये बोट घालू नका. परत कशी करायची, तेही एकदा करून दाखवा, म्हणजे चुकण्याची धास्ती जाईल. दिवाळीचे सामान, पूजेचे साहित्य, नातवंडांसाठीच्या वस्तू अशा खरोखर दोघींच्या गोष्टींसाठी यादी सामाईक ठेवा. अ‍ॅमेझॉनवर अशी यादी करून ती दुसऱ्याला 'फक्त पाहता येईल' किंवा 'पाहता आणि बदलता येईल' अशा दोन रीतींनी देता येते; दुसरी रीत निवडा. त्यातली वस्तू आपोआप बिलात जात नाही, त्यामुळे घोळ कमी होतात. ज्याने टाकले त्यानेच काढायचे, हे दोघींनी बोलून ठरवा आणि दुसरीची वस्तू नको वाटली, तर फोन करून विचारा.

आणि डाळ-तांदूळ ऑनलाइन मागवण्याचा आग्रह सोडून द्यावा, असे मी सुचवेन. कराडचा वाणी फोन केल्यावर तेच सामान तासाभरात घरी पाठवतो, कोणती डाळ त्यांच्याकडे लवकर शिजते हे त्याला माहीत असते आणि एकट्या राहणाऱ्या बाईंचा आवाज दोन दिवसांआड कोणाच्या तरी कानावर पडणे, ही काही लहान गोष्ट नाही.

जाताना क्रोशाचा दोरा घेऊन जा. मात्र त्याआधी त्यांना फोन करून विचारा, की तेव्हा कोणते रंग निवडले होते, दोरा किती जाडीचा हवा आणि सहा बंडले पुरतील का. त्या 'आता नको' म्हणाल्या, तर 'चूक माझी होती, तुम्ही रंग सांगा' असे म्हणा आणि त्या सांगेपर्यंत फोन ठेवू नका.